अंधारातला बर्फ कसा मोजतात?

जगाचा नकाशा बघा. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे, अंटार्क्टिका. उत्तर ध्रुवावर मात्र जमीन नाही. तिथे समुद्र आहे, आर्क्टिक महासागर, आणि त्या समुद्रावर बर्फाची साय धरलेली आहे. तापवलेल्या दुधावर धरते ना, तशीच. समुद्र काही ठिकाणी चार किलोमीटरपेक्षाही खोल, आणि वरचा बर्फ जेमतेम दोन-तीन मीटर. मग त्याला साय नाही तर काय म्हणायचं?

ही साय सतत बदलते. हिवाळ्यात पसरते, उन्हाळ्यात आक्रसते. वाऱ्याने सरकते, फाटते, एकावर एक चढते. आता विचार करा, ती किती आहे हे मोजायचं कसं? ध्रुवावर सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो थेट मार्चमध्ये उगवतो. सहा महिन्यांची रात्र! उन्हाळ्यात उजेड असतो, पण मग ढग येतात आणि दिवसेंदिवस हटत नाहीत. साधा कॅमेरा घेऊन वर गेलात तर अर्धं वर्ष काळोख दिसेल आणि उरलेलं अर्धं वर्ष बरेचदा ढग.

तरीही आज आपल्याला रोजच्या रोज कळतं की आर्क्टिकमध्ये किती बर्फ आहे. ते कसं, हे या पाठात बघू.

आधी एक गोंधळ दूर करू. बर्फ म्हटलं की पुष्कळांना टायटॅनिक आठवतं. १९१२ साली टायटॅनिक ज्याला धडकली तो हिमनग होता. हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा. तो मुळात पावसा-हिमाचा, म्हणजे गोड्या पाण्याचा. आपण बोलतोय तो बर्फ वेगळा. तो समुद्राचंच पाणी गोठून होतो. खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला साधारण उणे १.८ अंश सेल्सियस लागतात. आणि गोठताना ते बरंचसं मीठ खाली समुद्रात टाकून देतं.

टायटॅनिक बुडाल्यानंतर अटलांटिक महासागरात हिमनगांवर पहारा ठेवायचं ठरलं आणि १९१४ पासून आंतरराष्ट्रीय हिम-पहारा सुरू झाला. सुरुवातीला तो जहाजांवरून होई. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ पासून, त्यासाठी विमानं उडू लागली. विमानातला माणूस खिडकीतून बघायचा आणि नकाशावर खुणा करायचा. पण सगळ्या आर्क्टिकवर रोज विमान फिरवणं कोणालाच शक्य नव्हतं. हिवाळ्याच्या काळोखात तर नाहीच नाही.

मग उपग्रह आले. त्यांनी या कामासाठी जी युक्ती वापरली ती मला फार आवडते, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

स्वयंपाकघरात एक चकचकीत स्टीलचं पातेलं आणि एक काळा लोखंडी तवा आहे असं समजा. दोन्ही सारखेच तापलेले. हात न लावता नुसता जवळ नेला तर तव्याची धग जास्त लागते. पातेल्याची कमी. तापमान सारखं असूनही! कारण काही पदार्थ आपली उष्णता सहज बाहेर फेकतात, काही हात आखडता घेतात.

जगातली प्रत्येक वस्तू अशी थोडी धग बाहेर टाकत असते. माणूस, भिंत, दगड, अगदी बर्फसुद्धा. त्या धगीचा एक बारीकसा भाग सूक्ष्मलहरींच्या रूपात असतो. तुमच्या घरच्या मायक्रोवेव्हमध्ये असतात त्याच जातीच्या लहरी, पण अतिशय क्षीण. या लहरींना सूर्यप्रकाश लागत नाही. ढगांतूनही त्या बऱ्याचशा आरपार येतात. म्हणजे आपली काळोखाची आणि ढगांची, दोन्ही अडचणी एकदम मिटल्या.

आणि गंमत आता येते. या लहरींच्या बाबतीत समुद्राचं पाणी स्टीलच्या पातेल्यासारखं वागतं आणि बर्फ तव्यासारखा. बर्फ पाण्यापेक्षा थंड असतो, तरी तो जास्त लहरी सोडतो. त्यामुळे उपग्रहावरच्या उपकरणाला बर्फ उजळ दिसतो आणि मोकळं पाणी मंद. झालं! काळोखात, ढगांच्या वरून, बर्फ आणि पाणी वेगळं ओळखता आलं.

असं उपकरण निंबस-५ नावाच्या अमेरिकन उपग्रहावर डिसेंबर १९७२ मध्ये वर गेलं. लगेच त्याने एक अशी गोष्ट दाखवली की शास्त्रज्ञ चक्रावले. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, ऐन हिवाळ्यात, बर्फाच्या मधोमध एक प्रचंड भोक होतं. आत मोकळं पाणी! १९७४, १९७५, १९७६, लागोपाठ तीन हिवाळे ते भोक दिसलं. आकार अडीच ते तीन लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. समुद्राच्या खोल भागातलं तुलनेने उबदार पाणी वर येत होतं आणि बर्फ धरूच देत नव्हतं. त्या काळोखात, त्या थंडीत, तिथे जहाज जाणं शक्य नव्हतं. उपग्रह नसता तर ते भोक होतं हे कदाचित कोणाला कळलंच नसतं. २०१७ साली त्याच भागात पुन्हा एक भोक पडलं, पण बरंच लहान.

ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ गेला आणि तिथपासून बर्फाची जवळजवळ अखंड नोंद सुरू झाली. सुरुवातीला वीज वाचवायला ते उपकरण एक दिवसाआड चालवत. १९८७ पासून पुढच्या उपग्रहांमुळे रोजची नोंद मिळू लागली.

पण ही नजर तशी अधू आहे, हेही सांगायला हवं. ती एक-एक बर्फाचा तुकडा बघत नाही. शास्त्रज्ञ समुद्राचे चौकोन पाडतात, एकेक चौकोन सुमारे २५ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्या अख्ख्या चौकोनात मिळून किती बर्फ आहे, एवढंच कळतं. अर्धा? पाव? सगळा? एखाद्या चौकोनात १५ टक्के किंवा जास्त बर्फ असेल तर तो चौकोन बर्फाचा असं धरतात. असे सगळे चौकोन मोजले की जो आकडा येतो त्याला बर्फाचा विस्तार म्हणतात.

विस्तार आणि क्षेत्रफळ एकच नाही. घावन किंवा डोसा डोळ्यांसमोर आणा. त्याला जाळी पडलेली असते. भोकांसकट काठापर्यंत मोजलं तर तो विस्तार. भोकं वजा केली तर उरेल ते क्षेत्रफळ. बातम्यांमध्ये येतो तो आकडा बहुतेक वेळा विस्ताराचा असतो. त्याला कारण आहे. उन्हाळ्यात बर्फाच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला वाटतं, हा तर मोकळा समुद्र! प्रत्यक्षात डबक्याखाली चांगला मीटरभर बर्फ असतो. त्यामुळे उन्हाळ्यात क्षेत्रफळ चुकून कमी येतं. विस्ताराला ही चूक तेवढी बाधत नाही.

आणखी एक मजेशीर अडचण. हे उपग्रह नेमके ध्रुवावरून जात नाहीत, थोडे बाजूने जातात. म्हणून त्यांच्या चित्रात ध्रुवाभोवती एक गोल कोरा राहतो. निंबस-७ च्या वेळी त्या गोलाची त्रिज्या ६०० किलोमीटरहून जास्त होती. आता ती १०० किलोमीटरच्या आत आली आहे. तिथे बर्फ असणारच, असं धरून विस्तार मोजतात.

आता आकडे बघू. तुमच्यापैकी काहींना लाख-कोटींची सवय नसेल, तर लक्षात ठेवा: दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन. आर्क्टिकचा बर्फ मार्चच्या सुमारास सर्वात जास्त पसरतो, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर. सप्टेंबरमध्ये तो सर्वात कमी असतो. १९८० च्या आसपास सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये उरला फक्त ३४ लाखांच्या आसपास. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे पूर्वी दोन भारत मावतील एवढी साय उन्हाळ्याच्या शेवटी शिल्लक असे, त्या वर्षी एकच मावला.

अंटार्क्टिकाची गोष्ट थोडी निराळी. तिथला हिवाळी बर्फ २०१४ साली उलट विक्रमी वाढला, २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. पुष्कळ लोक म्हणाले, बघा, बर्फ तर वाढतोय! पण २०२३ च्या हिवाळ्यात तो १ कोटी ७० लाखांच्याही पुढे गेला नाही. इतका कमी हिवाळी बर्फ उपग्रहांच्या नोंदीत त्याआधी कधीच नव्हता.

इथे कोणी विचारेल, ग्लासातला बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही, मग समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर काय बिघडलं? प्रश्न बरोबर आहे. या बर्फामुळे समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पण हिमाने झाकलेला बर्फ सूर्याचा ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, आणि काळं मोकळं पाणी ९० टक्क्यांहून जास्त शोषून घेतं. साय गेली की समुद्र तापतो, समुद्र तापला की आणखी साय जाते.

हवामानासाठी २५ किलोमीटरचा चौकोन चालतो. जहाजाच्या कप्तानाला मात्र तो काय उपयोगाचा? त्याला समोरची भेग बघायची असते. त्यासाठी दुसरी युक्ती आहे, रडार. इथे उपग्रह नुसता ऐकत बसत नाही, स्वतः लहरी खाली पाठवतो आणि परत काय येतं ते बघतो. अंधारात टॉर्च मारल्यासारखं. मात्र टॉर्च सरळ खाली नाही, तिरका. गुळगुळीत पृष्ठभागावरून लहरी पुढे निसटून जातात, म्हणून तो काळा दिसतो. खडबडीत, फुटलेल्या, एकावर एक चढलेल्या बर्फावरून त्या पुष्कळशा परत येतात, म्हणून तो पांढरा दिसतो. असे चित्र काही मीटर किंवा काही दहा मीटरांपर्यंत बारीक असते. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम करतो. भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला निसार हा रडारवाला उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटला. तोही अंटार्क्टिकाचा बर्फ बघतो.

रडारही फसतं. वारा सुटला की समुद्र खडबडीत होतो आणि बर्फासारखाच पांढरा दिसू लागतो. म्हणून ही चित्रं वाचायला अजूनही अनुभवी माणसं बसतात आणि हाताने बर्फाचे नकाशे करतात.

एक उदाहरण सांगतो. १९१५ साली अर्नेस्ट शॅकल्टन यांचं एन्ड्युरन्स हे जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं, चिरडलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये बुडालं. जहाजावर २८ माणसं होती. त्यांना पुढे बर्फ कुठे नेणार आहे हे सांगायला कोणीही नव्हतं. ती सगळी वाचली, पण त्यासाठी त्यांना किती हाल सोसावे लागले याची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचं अगुल्हास-२ हे जहाज त्याच बर्फात शिरलं, बुडालेलं एन्ड्युरन्स शोधायला. या वेळी जहाजावर बर्फाचे जाणकार होते आणि त्यांच्याकडे उपग्रहांची ताजी रडारचित्रं येत होती. कुठला बर्फ कुठे सरकतोय ते बघून जहाज पुढे जाई. एन्ड्युरन्स सापडलं, ३,००८ मीटर खोल, आणि अगुल्हास-२ सुखरूप परत आलं.

आतापर्यंत आपण फक्त सायीची लांबी-रुंदी मोजली. जाडी? हा खरा कठीण पेपर आहे.

सरबतातला बर्फाचा खडा आठवा. थोडासाच वर दिसतो, बाकी पाण्यात. समुद्राच्या बर्फाचंही तसंच, साधारण दहावा भाग वर असतो. म्हणून वरचा भाग किती उंच आहे ते मोजायचं आणि हिशेब करायचा. क्रायोसॅट-२ हा युरोपचा उपग्रह २०१० पासून रडारने ही उंची मोजतो. त्याचा थोरला भाऊ २००५ मध्ये उड्डाणातच नष्ट झाला होता, मग दुसरा बनवावा लागला. अमेरिकेचा आइससॅट-२ सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. तो हिरव्या लेझरने मोजतो, सेकंदाला दहा हजार वेळा प्रकाश खाली टाकतो. बर्फात भेग आली की तिथे समुद्राची पातळी मिळते. भेगेची उंची आणि शेजारच्या बर्फाची उंची, यांतला फरक म्हणजे वर आलेला भाग.

आता अडचण बघा. समजा १० सेंटिमीटर बर्फ वर आहे, म्हणजे जाडी सुमारे १ मीटर. मोजण्यात ३ सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत ३० सेंटिमीटरची चूक! आणि मोजायचं कुठून? क्रायोसॅट सातशे किलोमीटर वर आहे, आइससॅट पाचशे. त्यात बर्फावर ताजं हिम पडलेलं असतं. त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो. लेझर हिमाच्या वरूनच परतते. रडार कोरड्या हिमातून आत शिरून बहुतेक बर्फापर्यंत पोचतं. मग खरं कोणाचं धरायचं?

शास्त्रज्ञांनी या भांडणाचाच फायदा करून घेतला. लेझर सांगते हिमाची वरची बाजू, रडार सांगतं बर्फाची. वजाबाकी केली की हिमाची जाडी मिळते. फक्त दोघांनी एकाच जागी, जवळपास एकाच वेळी बघायला हवं. म्हणून जुलै २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा साधारण एक किलोमीटरने वर उचलली. सातशे किलोमीटरांत एक किलोमीटर! पण तेवढ्याने दोघांच्या वाटा ठरावीक काळाने एकमेकांवर येऊ लागल्या.

विमानं इथे पुन्हा कामाला येतात. पहिला आइससॅट २००९ साली बंद पडला आणि दुसरा जायला २०१८ उजाडलं. मध्ये नऊ वर्षांची दरी. ती भरायला अमेरिकेच्या नासाने २००९ ते २०१९ विमानांची मोहीम चालवली, नाव होतं आइसब्रिज. ब्रिज म्हणजे पूल, नाव अगदी चपखल. मोठी विमानं बर्फावरून सुमारे ४५० मीटर उंचीवरून तासन् तास उडत. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटरवरून जातं, त्यावरून ही उंची किती कमी ते बघा. विमानात लेझर, हिमाची जाडी बघणारं रडार आणि कॅमेरे. कधी कधी मुद्दाम उपग्रहाच्या वाटेखालूनच उडायचे, म्हणजे उपग्रहाचं उत्तर तपासता येई.

जर्मनीची विमानं तर याहून धाडसी काम करतात. विमानाखाली लांब दोरीने एक टॉर्पेडोसारखं यंत्र लोंबकळतं. त्याला ते पक्षी म्हणतात. हा पक्षी बर्फावरून अवघ्या १५ मीटरवरून उडतो. मीठ असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, बर्फातून जवळजवळ नाही. त्यामुळे पक्ष्याला बर्फ लागतच नाही, थेट खालचं पाणी लागतं आणि त्याचं अंतर कळतं. त्याच्यावरची लेझर वरच्या पृष्ठभागाचं अंतर सांगते. वजा करा, जाडी हातात. इतकी साधी वजाबाकी, पण त्यासाठी गोठलेल्या समुद्रावरून, झाडाच्या उंचीवर दोरी सांभाळत उडायला छाती लागते.

या सगळ्यात गोवा कुठे आला? वास्को-द-गामाला समुद्राकाठी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथूनच आखल्या जातात. अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती अशी दोन केंद्रं आहेत. तिथे वर्षभराचं धान्य, इंधन, औषधं जहाजाने न्यावी लागतात आणि त्यासाठी उन्हाळ्याचे थोडेच आठवडे मिळतात. बर्फ कुठे मोकळा आहे याचा सल्ला उपग्रहांची चित्रं बघून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातून दिला जातो. वाट चुकली तर माणसं आणि सामान दोन्ही अडकतात.

कॅनडाच्या उत्तरेला तर हा बर्फच लोकांचा रस्ता आहे. इन्युइट लोक स्नोमोबाइलवरून त्याच्यावरून शिकारीला, मासेमारीला, दुसऱ्या गावाला जातात. बर्फ पातळ निघाला तर माणूस गाडीसकट आत. त्यांच्यासाठी २०१९ साली एक ॲप निघालं, नाव सिकू. इन्युइट भाषेत सिकू म्हणजे समुद्राचा बर्फ. त्यात उपग्रहाची ताजी चित्रं दिसतात, आणि त्याच नकाशावर गावातला माणूस स्वतः लिहितो: इथे भेग आहे, इथून जाऊ नका. विशेष म्हणजे त्यात बर्फासाठीचे त्यांच्या बोलीतले शब्दही आहेत. पातळ बर्फ, काठाचा बर्फ, असे प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. उपग्रहाला २५ किलोमीटरचा चौकोन कळतो, पण कुठल्या बर्फावर पाय ठेवायचा हे आजोबांकडून शिकलेला शब्द सांगतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि थोडा काळजीचा. १९७८ पासूनची नोंद एका उपग्रहाची नाही. एक थकला की दुसरा, असं करत ती चालू आहे. जुन्याचा आणि नव्याचा मेळ बसायला दोघांनी काही काळ एकाच वेळी तोच बर्फ बघावा लागतो, रिले शर्यतीत काठी देताना दोघं थोडं बरोबर पळतात तसं. १९८७ मध्ये हा बरोबर पळायचा काळ होता जेमतेम सहा आठवडे. फेब्रुवारी २०१६ मध्ये या मालिकेतला सर्वात नवा अमेरिकन उपग्रह संपर्काबाहेर गेला. दोनच महिन्यांनी एका जुन्याचं उपकरण बिघडलं आणि रोजचे आकडे काही आठवडे थांबवावे लागले. मालिकेतला पुढचा उपग्रह तयार होता, पण त्याला पैसे मिळाले नाहीत. तो गोदामातच राहिला आणि पुढे मोडीत निघाला. इतकी वर्षं जपलेली नोंद पैशांअभावी तुटू शकते, हे मला तरी बर्फाच्या आकड्यांइतकंच अस्वस्थ करतं.

जपानने मात्र २०१२ साली शिझुकु नावाचा उपग्रह पाठवला होता. शिझुकु म्हणजे थेंब. त्याची नजर अमेरिकन उपग्रहांपेक्षा बरीच बारीक आहे. जून २०२५ मध्ये जपानने तसंच पुढचं उपकरण नव्या उपग्रहावर बसवून वर पाठवलं. त्या वेळी शिझुकु अजून चालूच होता.